खाण्याचं ग्रीस

कॉफीचा पहिला घोट उजमाने बेसिनमध्येच थुंकला.

"अब्बा, सीलला तुमी काय लावलंत?"

रहमतुल्ला पाना पुसत होते. जुन्नरच्या स्टँडमागं त्यांचं गॅरेज. घरात त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. गडाच्या रस्त्यावरच्या सुनेच्या दुकानात कॉफीचं मशीन गळतंय असं कळलं, तसे ते न बोलावता आले आणि रबरी सील बदलून मोकळे झाले.

"ग्रीस लावलं. ट्रॅक्टरच्या बेअरिंगचं. एक नंबर हाय."

"ते गरम पाण्यात उतरतंय. कॉफीला वास मारतोय."

"दोन-चार कप गेले की जाईल."

बाहेर रविवारची गर्दी खोळंबली होती. उजमाने मशीन बंद केलं.

तिचा नवरा इरफान हळूच म्हणाला, "लोकं थांबलीत. आजचा दिवस काढू, उद्या बघू."

"आपल्या लेकीला पाजाल हे?"

रहमतुल्लांचा चेहरा उतरला.

"आख्खी उमर ह्याच ग्रीसवर गाड्या पळवल्या. आज सून चारचौघांत मला शिकवणार?"

"गाडी पीत न्हाई, अब्बा! ही माणसं पिणार. माझ्या दुकानातनं हे जाणार न्हाई."

आपला आवाज चढल्याचं तिलाच जाणवलं. पण मशीन उघडणारे हात थांबले नाहीत. राजुरीहून दूध घालायला आलेले सोपानभाऊ म्हणाले, "पोरी, खोबरेल लाव की."

"वाफेनं वाहून जातं, भाऊ. उरलं तर खवटतं."

तिने सील उपसून काढलं. ग्रीसनं तेवढ्यातच ते फुगलं होतं. रहमतुल्ला पाना उचलून निघून गेले.

स्पेअरपार्टच्या दुकानात दुकानदार गोकुळ हसला. "खायच्या वस्तूला चालणारं ग्रीस? लोकं आता ग्रीस बी खायला लागली का, वहिनी?"

"पोटात जाऊ शकतं ना? मग तसलंच पायजे. सिलिकॉनचं. आणि नवं सील. पुण्याहून मागवा."

ते येईपर्यंत तिने शेगडीवर चहा विकला. रहमतुल्ला जेवायला घरी येईनात. डबा गॅरेजात जाऊ लागला.

"माफी माग," सासूबाई, झुबेदा, म्हणाल्या.

"आवाज चढला, त्याची मागते. सील काढलं, त्याची न्हाई."

डबा घेऊन गेली तेव्हा तिने तेवढीच माफी मागितली. रहमतुल्लांनी मान वर केली नाही.

पार्सल आलं त्या सकाळी ती एकटीच मशीन उघडून बसली. बोटाच्या टोकावर पांढरं, बिनवासाचं ग्रीस घेऊन नव्या सीलला चोळू लागली. आतली खाच अंधारात होती. बाहेरचा नळ सुटल्याचा आवाज आला. रहमतुल्ला साबण लावून कोपरापर्यंत हात धूत होते. धुतले, पाहिले, पुन्हा धुतले. नखांतलं काळं काही निघेना. शेवटी दोन्ही हात कुर्त्याच्या खिशात घालून ते दारात येऊन उभे राहिले. आत मात्र येईनात.

उजमाने वळून पाहिलं.

"बॅटरी धरता का, अब्बा? आतलं दिसत न्हाई."

त्यांनी खिशातून हात बाहेर काढले.