बेटकुळी

चष्म्यांच्या दुकानात लोकांची नजर तपासणाऱ्या भिंगीला अकराशे मित्र होते, आणि शुक्रवारी सकाळी त्यांतला फक्त एक हवा होता. अख्खा. हातापायांसकट.

झालं होतं असं, की तिचं पोट महिनाभर दुखत होतं आणि डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून बघायचं ठरवलं होतं. "काही नसेल," असं ते इतक्या वेळा म्हणाले की काहीतरी असेल याबद्दल भिंगीची खात्रीच पटली. त्यात सिस्टरने फोनवर बजावलं, "उपाशी या आणि सोबत माणूस आणा. भूल द्यायची आहे. माणूस नसेल तर तारीख थेट पुढच्या महिन्यात."

"मी टॅक्सीने जाईन की घरी."

"टॅक्सीवाला तुमच्यासाठी सही करणार आहे का?"

आई भावाकडे, समुद्रापलीकडे. म्हणून भिंगीने रीतसर पोस्ट टाकली : 'शुक्रवारी पोटाची तपासणी आहे. सोबत कुणी आलं तर बरं वाटेल.' वर स्वतःचा हसरा फोटो, कारण रडक्या चेहऱ्याला कुणी विचारत नाही, हा तिचा अनुभव होता.

दुपारपर्यंत लाल बदामांचा खच पडला. 'आम्ही सदैव तुझ्यासोबत आहोत,' असं लिहिणाऱ्यांत बाजूच्या काउंटरवर फ्रेमा विकणारा सहकारीही होता. हे लिहिताना तो तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता.

"मग येतोस शुक्रवारी?" तिने विचारलं.

तो असा दचकला, जणू फोटोतलं माणूस बोललं. "शुक्रवारी? अगं, शुक्रवारी कसं जमणार? पण मनाने आहे ना मी!"

मनाला सही करता येत नव्हती. नाहीतर भिंगीपाशी मनांचा काही तुटवडा नव्हता.

तेव्हा तिला चिमणी आठवली. पडदे शिवणारी, चणीने एवढीशी, शाळेत एका बाकावर बसलेली मैत्रीण. दोघींचं अगदी रोजचं येणंजाणं होतं. म्हणजे ही तिच्या फोटोंना बदाम द्यायची, ती हिच्या. निरोप पाठवला तर त्यालाही एक बदाम मिळेल, या भीतीने भिंगी दुकान सुटल्यावर थेट चिमणीच्या घरी गेली.

दार एका अनोळखी मावशींनी उघडलं.

"चिमणी? ती तर गेली."

भिंगीने चौकट धरली.

"अहो, घर सोडून गेली! उन्हाळ्यातच. तुम्ही कोण?"

"मी तिची सगळ्यात जवळची मैत्रीण."

मावशींनी तिला नखशिखान्त न्याहाळलं. "असं होय? सामान हलवायला या म्हणून तिने सगळ्यांना लिहिलं होतं म्हणे. एक माणूस फिरकला नाही. शेवटी आमच्या जावयाने ते लोखंडी कपाट उतरवलं. अजून कंबर धरून चालतोय."

जिन्यात उभं राहून भिंगीने फोनवर चिमणीच्या फोटोंतून उन्हाळ्यापर्यंत बोट सरकवत नेलं. फोटो सापडला. खोकी, कपाट आणि कपाटाच्या खांद्याइतकीही नसलेली चिमणी. 'शनिवारी घर बदलतेय. कपाट एकटीला हलत नाही. कुणी येईल का?' खाली भिंगीचं उत्तर : 'तू करशीलच!' आणि पुढे फुगवलेल्या दंडाचं चित्र. चांगली टणक, पिवळीधमक बेटकुळी.

तिने चिमणीला फोन लावला. पहिल्याच घंटेला पलीकडून घाबरा आवाज आला.

"कोण गेलं?"

"कुणी नाही गं."

"मग फोन कशाला केलास?"

"बोलायला."

"बोलायला?" चिमणीचा विश्वास बसेना. मग म्हणाली, "भिंगे, खरं सांग. कुणीतरी गेलंय."

"मी तुझ्या जुन्या जिन्यात उभी आहे. कपाटाचं आत्ता वाचलं."

"अरे वा! लवकर वाचलंस."

"चिमणे, शुक्रवारी माझी..."

"माहीत आहे. पोट. मी लिहिलंय की तुला. बघितलं नाहीस?"

भिंगीने बघितलं. बदामांच्या गर्दीत चिमणीचा निरोप होता : 'तू करशीलच!' आणि पुढे बेटकुळी.

"हे मुद्दाम केलंस?"

"मग काय! म्हटलं, बघू तरी, ओळखते का स्वतःची भेटवस्तू. सकाळपासून वाट बघतेय."

भिंगीला हसायचं होतं, पण रडू फुटलं. "मला भीती वाटतेय गं. आत काही निघालं तर?"

पलीकडे शिवणयंत्राचा आवाज थांबला.

"किती वाजता पोचायचंय?" चिमणीने विचारलं.

शुक्रवारी भूल उतरली तेव्हा भिंगीला आधी चिमणीची चप्पल दिसली, मग चिमणी. खुर्चीत मान टाकून घोरत होती.

"साधा अल्सर निघाला," डोळे न उघडता ती म्हणाली. "गोळ्यांनी जाईल. आणि ऐक, ते कपाट नव्या घराच्या दारातच अजून उभं आहे. मी रोज तिरकी होऊन घरात शिरते."

पुढच्या रविवारी दोघींनी ते ढकललं. अर्ध्यावर कपाट अडलं आणि भिंगी धापा टाकत भिंतीला टेकली.

"दाखव बघू बेटकुळी," चिमणी म्हणाली.

भिंगीने बाही सरकवून दंड वळवला. तिथे काहीच वर आलं नाही.

"वाटलंच होतं मला," चिमणी म्हणाली. "चल, तू खालून धर."