हिरवा थर्मास आणि रुहीच्या तीन बाटल्या

मित्रांनो, मिशिगनमधल्या नोव्हाय गावात अनिल आजोबांचं घर आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर एक कपाट आहे. त्यात पुढे पोळ्यांचा जादा डबा, मागे लग्नात आलेले काचेचे पेले, आणि त्यांच्याही मागे एक हिरवा, दोन ठिकाणी पोचा आलेला थर्मास कित्येक वर्षं उभा होता. तो मी. वय पंचेचाळीस. दिसतो त्यापेक्षा लहान आहे.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. एक पोलादी बाटली घेतात, तिच्या पोटात दुसरी लहान बाटली बसवतात आणि दोघींच्या मधली हवा शोषून घेतात. चिमूटभरही ठेवत नाहीत. म्हणजे माझ्या दोन भिंतींच्या मध्ये काहीच नव्हतं, आणि त्या काहीच-नाहीवरच माझा सगळा रुबाब होता. आतलं गरम बाहेर जायचं नाही, बाहेरचं आत यायचं नाही.

अनिल आजोबांनी मला विकत घेतलं तेव्हा ते आजोबा नव्हते. नागपूरहून नुकते आलेले इंजिनियर होते आणि मोटारींची इंजिनं टेस्ट करायच्या नोकरीवर होते. रोज सकाळी सुमित्रा आजी माझ्यात आल्याचा चहा भरायच्या. त्या काळात मी काय काय केलं ते विचारू नका. पहिल्याच हिवाळ्यात पार्किंगमध्ये माझ्यातला घोटभर चहा सांडला, तर फूटभर बर्फ वितळून खालचं गवत उघडं पडलं. गवताला वाटलं वसंत आला, म्हणून तिथे दोन पिवळी फुलंही उमलली. जानेवारीत. एकदा गाडी थंडीने आखडली होती, तेव्हा मला नुसतं बॉनेटवर ठेवलं आणि पाच मिनिटांत इंजिन गुरगुरायला लागलं. खोटं वाटत असेल तर आजोबांना विचारा. महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, ते हेच सांगायचे. दर वर्षी त्यात एखादं फूल वाढायचं, एवढंच.

आता जे सांगतो ते मात्र वाढवलेलं नाही.

२००९ साली शिकागोला जाताना रस्त्यातल्या एका थांब्यावर आजोबांनी मला गाडीच्या टपावर ठेवलं आणि दार जोरात लावलं. मी खाली पडलो. बाहेरून एवढासा पोचा. पण आत कुठेतरी केसाएवढी चीर गेली आणि 'सूऽ' असा बारीक आवाज झाला. हवा आत शिरली. माझं काहीच-नाही संपलं.

कुणाला कळलं नाही. त्याच वर्षी आजोबा निवृत्त झाले, घरी चहा कपातून मिळू लागला आणि मी कपाटात गेलो. तारीफ मात्र चालूच राहिली. मी ती दाराआडून ऐकत होतो. खरं सांगतो, गोड वाटायची.

आजोबांच्या तळघरात भिंतीवर एक नकाशा होता. चीनमधल्या शिआन शहरातून निघून वाळवंटाच्या कडेकडेने पश्चिमेला जाणारा रेशमाच्या व्यापाराचा जुना रस्ता त्यावर लाल पेन्सिलीने काढला होता. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी आजोबांनी जाहीर केलं की या उन्हाळ्यात आपण त्या रस्त्याने जायचं. आजी, त्यांची मुलगी मृणालिनी आणि अकरा वर्षांची नात रुही, अशी चौघं. रुहीला तीन वर्षांपासून मधुमेह आहे. इन्सुलिन टोचल्याशिवाय तिचा एकही दिवस जात नाही. आणि इन्सुलिन उन्हात तापलं की निकामी होतं.

"औषध गार ठेवायची पिशवी मिळते, बाबा," मृणालिनी म्हणाली. "मी ऑर्डर करते."

"विकत कशाला? घरात आहे ना."

"काय आहे घरात?"

आजोबांनी स्टूल ओढलं आणि मला बाहेर काढलं.

"अहो, किती वर्षं वापरला नाहीये तो," आजी म्हणाल्या.

"स्टील आहे, सुमित्रा. स्टीलला काय होतंय?"

रुहीने माझ्यात नाक घातलं. "इट स्मेल्स लाइक चाय, आजोबा."

"बरंय की. इन्सुलिनला आल्याची चव येईल."

सगळे हसले. मला मात्र ओरडून सांगायचं होतं की मी आता नुसता डबा आहे. मित्रांनो, मला तोंड आहे, पण ते फक्त ओतायला.

सुरुवातीचे दिवस निभावले. मृणालिनी सकाळी हॉटेलातून बर्फ आणून माझ्यात भरायची आणि नॅपकिनमध्ये गुंडाळलेल्या बाटल्या त्यावर ठेवायची. दुपारपर्यंत माझ्यातला बर्फ वितळलेला असायचा, पण गाडीत एसी असायचा आणि संध्याकाळी पाणी गारच लागायचं. तिला शंका आली नाही. रोज झाकण उघडताना मी मात्र जीव मुठीत धरायचो. मला मूठ नाही, पण तुम्ही समजून घ्या.

वाटेतल्या दुनहुआंगला एक घोटाळा झाला. आणलेल्या सहा बाटल्यांपैकी तीन हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या, त्या गोठल्या. गोठलेलं इन्सुलिनही वायाच जातं. उरल्या तीन. त्या माझ्या पोटात. परत यायला अजून बारा दिवस होते.

हामीहून तुर्पानला निघालो त्या दिवशी सकाळी नऊलाच रस्ता पाण्यासारखा चमकत होता. तासाभरात गाडीचा एसी बंद पडला. ड्रायव्हरचं नाव लाओ मा. त्याने बटणं दाबून पाहिली, डॅशबोर्डवर एक थाप मारली, आणि मग फोनमध्ये चिनी भाषेत काहीतरी बोलून फोन मागे दिला. फोन इंग्रजीत म्हणाला, माफ करा, यंत्र मेलं, तुर्पान चार तास.

काचा खाली केल्या. आत आला तो वारा भट्टीतला. दोन्ही बाजूंना राखाडी दगडगोटे, झाड नाही, सावली नाही. माझ्यातला बर्फ अकराच्या आधीच संपला. मग पाणी कोमट होऊ लागलं. मला ते आतून कळत होतं आणि मी बाहेरून तसाच हिरवागार, ऐटीत, आजींच्या मांडीवर.

एका पेट्रोल पंपावर गाडी थांबली. मृणालिनीने रुहीला खायला द्यायच्या आधी झाकण उघडलं, बोट बुडवलं आणि तशीच थांबली.

"बाबा, हे कोमट आहे."

"छे. आत्ता सकाळीच तर बर्फ घातलाय."

"तुम्ही हात घाला."

आजोबांनी हात घातला. 

आजी हळूच म्हणाल्या, "सकाळी हा मांडीवर घेतला ना, तेव्हा मला बाहेरून गार लागत होता. मला बरं वाटलं. म्हटलं, छान, मांडीला गारवा. पण अहो, थर्मास बाहेरून गार लागतो का कधी?"

आजोबा खाली बघत म्हणाले, "नाही लागत. व्हॅक्यूम गेलाय त्याचा. शिकागोच्या रस्त्यावर पडला होता. तेव्हा आवाज आला होता."

"तुम्ही ऐकला होता?" मृणालिनीने विचारलं.

"ऐकला होता. म्हटलं, वाऱ्याचा असेल."

मित्रांनो, इतकी वर्षं मला वाटत होतं की ते गुपित एकट्या माझं आहे.

"अहो बाबा, आयुष्यभर टेस्टिंगच केलंत ना तुम्ही? निघताना एकदा कढत पाणी ओतून बघायला काय झालं होतं?"

"भीती वाटली."

"कसली?"

"खरंच गेलेला निघाला तर, याची."

मृणालिनी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. तिने एक बाटली उन्हाकडे धरून पाहिली. स्वच्छ, पाण्यासारखी. हीच तर पंचाईत आहे. इन्सुलिन बिघडलं तरी बहुधा तसंच दिसतं. तुर्पानला दवाखाना होता, पण तिथे हेच औषध, याच ताकदीचं मिळेल का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि तुर्पान अजून तीन तास दूर होतं.

"रडू नकोस ना, मम्मा," रुही म्हणाली. "आय ॲम ओके." तिचे ओठ मात्र कोरडे पडले होते.

आजींनी पिशवीतून आजोबांचा पंचा काढला. "व्हॅक्यूम नाही, तर मग हा आता नुसता लोटा आहे ना? आतलं बाहेर, बाहेरचं आत?"

"हो."

"मग लोट्याला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यावर धरतात, तसा धरा."

आजोबांनी चमकून वर पाहिलं. "इव्हॅपोरेशन," रुही म्हणाली. "वी डिड दॅट इन स्कूल."

आजोबांनी माझ्यातलं निम्मं पाणी ओतून दिलं, पंचा भिजवला, माझ्याभोवती घट्ट गुंडाळला आणि गाडी सुरू झाल्यावर मला दोन्ही हातांनी खिडकीत धरलं. तो भट्टीचा वारा पंच्यावर आदळला आणि पाणी उडून जाऊ लागलं. जाताना ते माझी उष्णता घेऊन जात होतं. चांगला थर्मास असतो तर काही उपयोग झाला नसता. माझ्या भिंतीतून आतलं बाहेर जात होतं, म्हणून आत गार होत होतं. इथे मी तुम्हाला सांगू शकलो असतो की माझ्यात बर्फाचे खडे झाले आणि त्यावर पेंग्विन चालले. तसं काही झालं नाही. माठातल्या पाण्याइतकं गार झालं, बस.

दर दहा मिनिटांनी पंचा वाळून पापड व्हायचा. आजी बाटलीतून पाणी शिंपडायच्या. ड्रायव्हरने आपल्या प्यायच्या पाण्याचा कॅन मागे सरकवला. आजोबांचे हात कोपरापर्यंत लाल झाले.

"द्या इकडे, मी धरते," आजी म्हणाल्या.

"नको."

"पाडाल पुन्हा."

"नाही पाडणार."

मृणालिनी पुढच्या सीटवर बसली होती. तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

तुर्पानला पोहोचलो तेव्हा रुहीची साखर दोनशे नव्वद होती. तिच्या दंडावर एक चकती असते, तिचा आकडा फोनवर दिसतो. मृणालिनीने माझ्यातली एक बाटली काढली, सुई भरली, टोचली. आता वाट बघायची. औषध जिवंत असेल तर आकडा उतरेल. नसेल तर चढत राहील.

तिकडे रात्री नऊ वाजले तरी ऊन असतं, आत्ता तर दुपारच होती. द्राक्षांच्या मांडवाखाली चौघं बसली होती. फोन टेबलाच्या मधोमध, मी त्याच्या शेजारी. दोनशे नव्वद. दोनशे चौऱ्याण्णव. आजोबांनी डोळे मिटले. दोनशे एक्क्याण्णव. मृणालिनीने नखं चावायला सुरुवात केली. रुही म्हणाली, "एव्हरीबडी, स्टॉप स्टेअरिंग." कुणी ऐकलं नाही. दोनशे सत्तर. दोनशे तीस. एकशे ऐंशीला मृणालिनी उठली, आतून तूप आणलं, आणि वडिलांसमोर बसून त्यांच्या भाजलेल्या हातांना लावू लागली.  दोन्ही हात झाल्यावर म्हणाली, "दुखतंय?"

"नाही."

"बाबा."

"हो. दुखतंय."

मित्रांनो, तो प्रवास पुढे नीट पार पडला. रुही परत येऊन सातवीत गेली. पण माझी परीक्षा नोव्हायमध्येच व्हायची होती.

सप्टेंबरात घरी पॉटलक होता. शेजारची यामिनी सासऱ्यांना घेऊन ॲरिझोनाला निघाली होती. त्यांच्या डोळ्यांचे थेंब गार ठेवावे लागतात.

"काका, तुमचा तो प्रसिद्ध थर्मास द्याल चार दिवस?" तिने विचारलं.

सगळे हसत आजोबांकडे वळले. आता गोष्ट रंगणार, म्हणून मंडळातल्या अनीशने खुर्ची पुढे ओढली. मी ओट्यावर होतो. माझ्या आतली हवासुद्धा गप्प झाली.

आजोबा उठले. किटलीत पाणी उकळलं, माझ्यात ओतलं, झाकण लावलं आणि पाच मिनिटं थांबले. मग म्हणाले, "यामिनी, हात लाव."

तिने माझ्या पोटाला हात लावला आणि झटकन काढला. "भाजतंय की, काका."

"हं. गेलाय तो. केव्हाचाच गेलाय. नाही देणार. मृणालकडे चांगली पिशवी आहे, ती ने."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही..." अनीश म्हणाला.

"थापा मारत होतो," आजोबा म्हणाले. "बटाटेवडा घे, गार होतोय."

मित्रांनो, मी लाजेने विरघळेन असं वाटलं होतं. तसं झालं नाही. पंधरा वर्षांनी पहिल्यांदाच मला काही लपवायचं नव्हतं.

आता मी ओट्यावर असतो. माझ्यात लाटणं आणि दोन झारे उभे असतात. आजी जाता-येता मला पुसतात.

तुमच्याही घरी कपाटात एखादा जुना थर्मास असेल. त्याची खूप तारीफ होत असेल, तर ती ऐका, हसा, त्यात एखादं फूलही वाढवा. पण त्याच्यावर कुणाचं औषध सोपवायच्या आधी कढत पाणी ओता आणि बाहेरून हात लावून बघा. हात भाजला तर त्याला फेकू नका, रागावूही नका. तो कितीतरी दिवस त्या हाताचीच वाट बघत असेल.