साठ टक्क्यांचं हृदय

हृदयाच्या वॉर्डात मास्तरांइतका तोरा कुणाचाच नव्हता. तपासणीत त्यांचं हृदय आत भरलेल्या रक्तातलं साठ टक्के पुढे ढकलतं असं निघालं होतं, आणि शेजारच्या खाटेवरच्या शिंपीकाकांचं जेमतेम पंचवीस. झालं! जन्मभर पेपर तपासलेल्या मास्तरांनी लगेच निकाल लावला. आपण फर्स्ट क्लास, शिंपी नापास. काका बिचारे हसून सोडून द्यायचे.

आज मात्र मास्तरांनी कहरच केला. गोळ्या परत केल्या, पिशवी भरली आणि घरी निघतो म्हणाले. पाय सुजून खांब झालेले, दोन वाक्यांत धाप लागते, तरी हट्ट तो हट्ट. वॉर्डाच्या मुख्य डॉक्टरांनी, मोठ्या मॅडमनी, त्यांना समजावायचं काम धाकट्या डॉक्टरवर सोपवलं. नुकतीच नोकरीला लागलेल्या या मुलीला मास्तरांसकट सगळा वॉर्ड चिमणीच म्हणायचा. मास्तर असेच गेले तर छातीत पाणी भरणार, आणि परत येईपर्यंत उशीर झालेला असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

काकांचं हृदय सैल पडलंय, तुमचं कडक झालंय, आजारी दोन्ही आहेत, असं तिने परोपरीने सांगून पाहिलं. मास्तर पिशवीची चेन लावत राहिले. मग ती स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली.

"मास्तर, चाळीस मुलांचा वर्ग. दार अडकलं, दहाच आत शिरली. सहा पास झाली. निकाल किती?"

"साठ टक्के. हे काय विचारणं झालं?"

"आणि बाकीची तीस?"

"ती बाहेर व्हरांड्यात..." मास्तर थांबले. स्वतःच्या पायांकडे बघत राहिले.

"तुमचं हृदय नीट फुगतच नाही, म्हणून भरतंच थोडं. उरलेलं रक्त मागे तुंबतं, त्यातलं पाणी पायांत झिरपतं. तीच ही सूज."

"या मास्तर," शिंपीकाका म्हणाले, "बसा माझ्या बाकावर."

मास्तरांनी त्यांच्याकडे डोळे वटारले, पण हात गोळ्यांसाठी पुढे केला.

संध्याकाळी मोठ्या मॅडम आल्या, तेव्हा मास्तर नव्या पेशंटला व्हरांड्यातली मुलं समजावून सांगत होते. हे कुणी शिकवलं, मॅडमनी विचारलं.

"आमच्या डॉक्टरबाईंनी," मास्तर म्हणाले.

चिमणीने घाईघाईने फाइलीत काहीतरी लिहायला घेतलं. पेनाचं टोपण काढायचं राहिलंच होतं.