उजवा कौल

कातळकोंडची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, तेव्हा शासनाच्या पहिल्याच काही पत्रांपैकी एका पत्रात शहराचे ‘क्रीडा व करमणूक धोरण’ मागवले होते. धोरण असल्याशिवाय मैदानासाठी निधी मिळणार नव्हता. कातळकोंडला धोरण नव्हते, आणि ते कोणी ठरवायचे याचा विचार करण्याची वेळही पूर्वी कधी आली नव्हती.

मैदान मात्र होते. उतारावर वसलेल्या या गावात सपाट म्हणता येईल अशी एकच जागा होती: शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी ज्या चौथऱ्यावर बसते त्या सहाणेसमोरचा सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ. शाळेने त्या कातळावर लाल माती पसरून खो-खोचे दोन खांब बसवले होते. पाऊस ओसरला की रोज संध्याकाळी नम्रता गोरिवले ही क्रीडाशिक्षिका तेथे मुलींचा सराव घेत असे. संघ लागोपाठ दोन वर्षे जिल्ह्यात पहिला आला होता. त्यातल्या संस्कृती या नववीतल्या मुलीला राज्याच्या निवडचाचणीचे बोलावणे आले होते. तिचे वडील मुंबईत एका कारखान्यात होते, आई घरची भातशेती पाहत असे. चाचणीत नाव लागले तर पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती आणि पुढचे शिक्षण तेथेच होणार होते. नाव लागले नाही तर काय होईल, हे त्या घरात कोणी बोलून दाखवत नव्हते. मोठ्या बहिणीचे काय झाले ते सर्वांसमोर होतेच. तिचे लग्न बारावीच्या निकालाआधी लागले होते.

नगराध्यक्ष सुजय साळवी यांचे म्हणणे असे की, मैदान पूर्वापार गावकीच्या वहिवाटीत आहे, तेव्हा त्याचे धोरणही गावकीनेच ठरवावे. गावकी म्हणजे देवस्थानच्या मानकऱ्यांची सभा. गावकीच्या हाती मैदान गेले की तेथे जाळी आणि दिवे लावून टर्फ क्रिकेट सुरू होणार, आणि त्याचा ठेका सुजयच्या मेहुण्याला मिळणार, हेही सर्वांना ठाऊक होते. या व्यवहारात कोणाला काही गैर वाटत नव्हते, सुजयला तर नव्हतेच.

याला विरोध होता मालिनी जोगळेकर यांचा. त्यांनी दापोलीला कृषी विद्यापीठात अनेक वर्षे संख्याशास्त्र शिकवले होते. शेतातल्या प्रयोगात कोणत्या वाफ्यात भाताची कोणती जात लावायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागते, नाहीतर प्रयोग करणाऱ्याची आवड निकालात शिरते. ही गोष्ट त्यांनी विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्यांना समजावून सांगितली होती. निवृत्तीनंतर त्या गावी परतल्या आणि महिलांसाठी राखीव असलेल्या वॉर्डातून निवडून आल्या. समोरच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला होता. जनतेच्या विश्वासाबद्दल कोणी अभिनंदन केले की त्या ही बाब नमूद करत.

सर्वसाधारण सभेत त्यांनी ठराव मांडला: धोरण ठरवण्याचा अधिकार नगरपंचायतीच्या समितीला असावा, आणि मुलींच्या सरावाची वेळ राखीव असावी. कोणाचा हात वर येईल आणि कोणाचा येणार नाही हे त्यांना आधीच माहीत होते. सतरांपैकी फार तर पाच हात त्यांच्या बाजूने येणार होते. मतदान पुकारले जाणार इतक्यात महिपत शिर्के उठले. ते नगरसेवक होते आणि पालखीचे पहिले मानकरीही. आवाज न चढवता बोलणारे, कोणाशी वैर नसलेले असे ते गृहस्थ होते.

“हात कशाला मोजता?” ते म्हणाले. “जागा देवासमोरची. कौल लावूया. देव सांगेल कोणी बघायचं ते.”

सुजयने हसून मालिनीताईंकडे पाहिले. कौल म्हणजे अंधश्रद्धा, यावर आता एखादे व्याख्यान ऐकायला मिळणार अशी सभेची अपेक्षा होती. मालिनीताई शक्यता मोजत होत्या. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मतदानात जिंकण्याची शक्यता शून्य होती. पाकळीच्या बाबतीत ती निम्मी होती. यात श्रद्धेचा प्रश्नच कोठे येत होता?

“माझी हरकत नाही,” त्या म्हणाल्या. “काही अटी आहेत.”

अटी त्यांनी तिथेच सांगितल्या. प्रश्न आधी ठरवायचा आणि शब्द बदलायचे नाहीत. कौल एकदाच लावायचा. पाकळ्या एकाच फुलाच्या, सारख्या भिजवलेल्या असाव्यात. गाभाऱ्यातला पंखा बंद असावा, आणि समया दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर असाव्यात, कारण उष्णतेने एका बाजूचे पाणी लवकर सुकते.

“बाईंनी देवालासुद्धा आचारसंहिता लावली,” मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले आणि सभा हसली. महिपत हसले नाहीत. अटी त्यांना योग्य वाटल्या. देवाचे काम नीटच व्हायला हवे, असे ते म्हणाले.

त्या संध्याकाळी नम्रता मालिनीताईंच्या घरी आली. सभेतली हकिकत तिच्यापर्यंत पोहोचली होती आणि ती अस्वस्थ होती. मतदानात हरलो असतो तर वर अपील तरी करता आले असते, असे तिचे म्हणणे होते. मालिनीताईंनी तिला शक्यतेचे गणित समजावले. नम्रताला गणित कळत होते. तिने ते मान्य केले, चहा घेतला आणि ती गेली.

कौलाच्या दिवशी देवळात बरीच गर्दी होती. बाळा गुरवांनी गाऱ्हाणे घातले, मैदानाचे धोरण समितीने ठरवावे का, हा प्रश्न ठरल्या शब्दांत देवापुढे मांडला, आणि जमलेल्या लोकांनी “होय महाराजा” म्हणून त्याला साथ दिली. मग सर्व शांत झाले. पंखा बंद असल्याने गाभाऱ्यात उकडत होते. मालिनीताई मूर्तीकडे न पाहता समईच्या ज्योतीकडे पाहत होत्या. ती सरळ होती, म्हणजे वारा नव्हता. उजव्या खांद्यावरची पाकळी सुटली, घरंगळली आणि पायरीवर पडली.

नियम पाळले गेले होते आणि निकाल लागला होता. सुजयने तो कुरकुर न करता स्वीकारला. मेहुण्याला त्याने त्याच दिवशी फोन करून दुसरी जागा बघायला सांगितले, असे नंतर कळले. महिपतांनी मालिनीताईंच्या हातावर प्रसाद ठेवला. “देव तुमच्या बाजूनं बोलला, ताई,” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरे कौतुक होते. मालिनीताईंनी प्रसाद घेतला. हा पन्नास टक्क्यांचा योगायोग आहे, हे सांगण्याची ती वेळ नाही असे त्यांना वाटले.

पुढच्या सभेत ठराव एकमताने झाला. ‘ग्रामदेवतेच्या कौलानुसार’ हे शब्द मुख्याधिकाऱ्यांनी ठरावाच्या सुरुवातीलाच घातले. एकमत होण्याचे कारण तेच होते, म्हणून त्या शब्दांवर कोणी आक्षेप घेतला नाही. समिती पाच जणांची झाली; महिपत तिचे एक सदस्य आणि मालिनीताई अध्यक्ष झाल्या. कातळकोंडमध्ये करमणुकीचे धोरण कोणी ठरवायचे, हा प्रश्न अशा रीतीने सुटला.

समितीच्या पहिल्या बैठकीत मुलींची वेळ विनाहरकत मंजूर झाली. मग महिपतांनी, काहीसे संकोचून, एक कलम सुचवले: ज्या मुलीला अडचण असेल तिने ते चार दिवस मैदानावर येऊ नये.

अडचण या शब्दाचा अर्थ विचारण्याची कोणाला गरज नव्हती. मालिनीताईंचे वय चौसष्ट होते; त्या चार दिवसांशी त्यांचा संबंध सुटून बरीच वर्षे झाली होती, आणि कौलाला होकार देताना ही गोष्ट त्यांच्या मनाच्या आसपासही फिरकली नव्हती. इतकी वर्षे मुली त्याच मैदानावर खेळत आल्या आहेत आणि कोणी असे काही विचारले नव्हते, हे त्यांनी निदर्शनास आणले.

“तेव्हा ते शाळेचं मैदान होतं,” महिपत म्हणाले. “आम्ही बघत नव्हतो. आता देवानं स्वतः दिलंय. ज्यानं दिलं त्याच्या समोर तसं जाणं बरं दिसेल का?”

मालिनीताई बोलल्या, आणि बराच वेळ बोलल्या. शरीरशास्त्र, समानता, कायदा; त्यांचे प्रत्येक विधान बरोबर होते. समितीतल्या दुसऱ्या महिला सदस्य गंगा घडशी सर्व ऐकून घेत होत्या. त्यांची नात याच संघात खेळत असे, त्यामुळे मालिनीताईंची आशा त्यांच्यावर होती.

“ताई, देवानं आपलं ऐकलंन ना?” गंगाबाई म्हणाल्या. “मग आता आपण नको त्याचं ऐकायला?”

पाकळी पडणे निरर्थक होते असे म्हणावे, तर ज्या समितीच्या अध्यक्षपदावरून त्या हे बोलत होत्या तिला आधार उरत नव्हता. मुख्याधिकाऱ्यांनी नंतर खासगीत तेच स्पष्ट केले. कलम बेकायदा आहे, तक्रार केली तर रद्द होईल. पण कौलावर उभा असलेला मूळ ठरावही त्याच तक्रारीत जाईल, आणि प्रश्न पुन्हा सभेपुढे, सतरा हातांपुढे येईल. त्यांनी हे सहानुभूतीने सांगितले. चार विरुद्ध एक अशा मतांनी कलम मंजूर झालेच होते.

त्याची अंमलबजावणी करायला कोणी नेमावा लागला नाही. मैदान बाजाराच्या वाटेवर आहे. सरावाच्या वेळी कोण आली नाही हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत असे, आणि न येण्याचे कारण आता एकच उरले होते. सर्दी झालेली मुलगी घरी राहिली तरी वाटेच्या कठड्यावर बसलेली पोरे तिचे नाव घेऊन हसत. दोघी मुली पहिल्याच आठवड्यात खेळ सोडून गेल्या. आपल्या नातीला गंगाबाईंनी थांबवले नाही, पण तीच येईनाशी झाली.

मालिनीताईंनी यावर उपाय काढला, आणि तो त्यांच्या विषयातला होता. गैरहजेरीतून माहिती बाहेर पडते, कारण गैरहजेरीला एकच कारण आहे. तेव्हा तिला दुसरे कारण द्यावे. रोज चिठ्ठ्या टाकून काही मुलींना उगाचच घरी बसवावे, म्हणजे कोण कशासाठी आली नाही हे बाहेरून कोणालाही ओळखता येणार नाही. सराव थोडा कमी होईल, पण लाज उरणार नाही. नम्रताने शंका काढली नाही. तिच्याकडे दुसरा मार्ग नव्हता.

मुलींना आधी गंमत वाटली. संस्कृतीने विचारले की म्हणजे चिठ्ठीत नाव घातले तर मालिनीताईंनाही कधीतरी अडचण येणार का, आणि सगळ्या हसल्या. चिठ्ठ्यांची गोष्ट घरोघरी पोहोचली आणि काही दिवस कठड्यावरची पोरे गोंधळलीही. हिशेब बरोबर होता.

मग एकाच आठवड्यात संस्कृतीचे नाव तीनदा आले. एवढ्या मुली आणि रोजच्या चिठ्ठ्या असल्या की कोणाच्या तरी बाबतीत असे होणारच. झाले नसते तर मालिनीताईंना चिठ्ठ्यांच्या घड्यांचा संशय आला असता. दुसऱ्या दिवशी नाव आले नाही, पण संस्कृतीही आली नाही. त्यानंतरही आली नाही. निवडचाचणी जवळ आली होती. नम्रता तिच्या घरी जाऊन आली आणि तशीच मालिनीताईंकडे आली. आत यायला सांगितले तरी ती पडवीतच बसली.

संस्कृतीचे खेळणे घरच्यांनी बंद केले होते. आईने तिच्या वडिलांना फोन करून सर्व सांगितले होते आणि त्यांचेही मत तेच पडले होते. चाचणीला पाठवायचे नाही. वैशाखात एक स्थळ येणार होते, ते बघायचे.

“कारण काय सांगतात?” मालिनीताईंनी विचारले.

“तिच्या आईचं म्हणणं, तीनदा नाव आलं. देवाला ती मैदानात नको आहे, म्हणून तो परत परत सांगतोय.”

“चिठ्ठीत काही नसतं, हे सांगितलंस का त्यांना? तो निव्वळ योगायोग असतो.”

“सांगितलं.” नम्रताने चपलेला लागलेली लाल माती पायरीच्या कडेला पुसली. “त्या म्हणाल्या, मग पाकळीत काय होतं?”

मालिनीताई त्या रात्रीच संस्कृतीच्या आईला भेटायला निघाल्या होत्या. पण बोलायचे काय, हे मनाशी ठरवताना पहिल्याच वाक्याला अडल्या. पाकळीतही काही नव्हते, असे म्हणावे लागणार होते. ते म्हणायची वेळ देवळात प्रसाद हातावर पडला तेव्हा होती. आता ते फक्त एका बाईचे सोयीचे मत ठरले असते. त्या गेल्या नाहीत. चाचणी झाली, आणि निवड झालेल्या दुसऱ्या गावांच्या मुलींची नावे वर्तमानपत्रात आली.

निधी मंजूर झाला आहे. मैदानाला कुंपण आणि मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली बांधून तयार आहे. रोज संध्याकाळी पाच ते साडेसहा मैदान मुलींसाठी राखीव असते आणि धोरणानुसार ती वेळ दुसऱ्या कोणाला देता येत नाही. मुले फाटकाबाहेर बसून, रिकाम्या मैदानाकडे बघत, साडेसहा वाजायची वाट पाहतात. नियम मोडावा असे त्यांतल्या एकालाही वाटत नाही.