माहेरी शहाणी

गाडी दारात येऊन तीन वर्षं पुरी होत आली, तरी लाँड्रीवाल्या बाईंच्या घरात तिचं नाव अजून नवरीच होतं. आणि रुसवेही नवरीचेच. इंजिन तापलं, पाठीवर ओझं असलं आणि समोर चढ आला, की बंद. धूर नाही, खडखड नाही. वीस मिनिटं रस्त्यात तोंड पाडून उभी राहायची आणि मग किल्ली फिरवली की काही झालंच नाही अशी चालू व्हायची. सर्व्हिस सेंटरला नेली, की मात्र माहेरी आल्यासारखी हसतमुख. फिरवा, चढवा, उतरवा, एक उचकी नाही.

तीन महिन्यांत तीनदा नेली. तिन्ही वेळा काउंटरवरच्या टायवाल्याने गोड हसून कागद हातात ठेवला: दोष आढळला नाही. माणसाने इतकं गोड असू नये, मुंग्या लागतात.

बाईंचं काम सरळ होतं. दवाखान्याच्या चादरी दुपारी आणायच्या, धुवायच्या, वाळवायच्या, इस्त्री मारून दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत पोचवायच्या. मुलगा मशिनी बघायचा, सून गाडी चालवायची आणि बाई त्या दोघांना बघायच्या. पण गेल्या महिन्यात नवरी दोनदा पुलावर रुसली आणि दोनदा चादरी उशिरा पोचल्या. दवाखान्याच्या कोठीवर बसणाऱ्या बाईने चष्म्यावरून बघत सांगून टाकलं, "तिसऱ्यांदा झालं तर मी काम दुसरीकडे देणार. आजारी माणसांना उघड्या गादीवर झोपवू का?"

कोठीवालीचं बरोबर होतं, आणि तेच बाईंना जास्त झोंबलं. शिव्या द्यायच्या तर समोरचा चुकीचा असावा लागतो.

त्यात वॉरंटी शनिवारी संपणार होती. शनिवारनंतर नवरीचं सगळं दुखणं यांच्या पदरात.

मंगळवारी सकाळी चादरी पोचवून बाई आणि सून चौथ्यांदा काउंटरसमोर उभ्या राहिल्या.

"या मॅडम. आज काय प्रॉब्लेम?"

"नवीन काही नाही. मागचाच आहे. तुमच्यासाठी जपून ठेवलाय."

टायवाल्याने टाइप करायला घेतलं. "गाडी बंद पडते. कधी पडते?"

"तुम्ही बघत नसता तेव्हा."

"बॅटरी, वायरिंग, इंजिन याला बाहेरच्या किंवा घरच्या कुणी हात लावलाय?"

"कोण लावेल? माझ्या घरात मला विचारल्याशिवाय कुणी कपाट उघडत नाही."

"म्हणजे नाही."

"नाही म्हणजे नाही. चौथ्यांदा सांगतेय. तुम्ही लिहून घेता की नुसती बोटं आपटता?"

टायवाल्याने नाहीवर खूण केली, कागद पुढे सरकवला. बाईंनी सही केली. त्यांच्या सहीतलं प्रत्येक अक्षर वेगळं उभं असायचं, शेजारच्याशी भांडण असल्यासारखं.

"कधी कधी चालवण्याच्या पद्धतीमुळेही असं होतं, मॅडम," टायवाला सुनेकडे बघत म्हणाला.

हेच वाक्य बाईंनी महिन्यापूर्वी स्वतः सुनेला ऐकवलं होतं, तेही चांगलं दोनदा. पण परक्याच्या तोंडून ते निराळंच वाजलं.

"ही चालवते," बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या गाडीपेक्षा भरवशाची आहे. ही अजून एकदाही पुलावर बंद पडलेली नाही."

सुनेने चमकून सासूकडे बघितलं. बाईंनी तिच्याकडे बघितलं नाही.

दोघी काचेपलीकडच्या खुर्च्यांवर जाऊन बसल्या. पाचच मिनिटांत मेकॅनिक त्यांना बोलवायला आला. त्याच्या अंगावरचा निळा डगला दोन माणसांच्या मापाचा होता. बाईंनी पहिल्याच भेटीत त्याचं नाव ढगळ्या ठेवलं होतं आणि ते त्याच्या तोंडावर म्हणायलाही कमी केलं नव्हतं.

"मावशी, गाडीतलं घड्याळ चुकीचं का आहे?"

"ते पहिल्यापासून येडंच आहे. तेही लिहून घे तुझ्या कागदात."

"आत्ता नऊ वीस झालेत. गाडीत तीन वीस दाखवतंय." ढगळ्याने हातातला फडका खांद्यावर टाकला. "वीज तोडून परत जोडली की हे घड्याळ बारापासून सुरू होतं. म्हणजे आज सकाळी सहाला कुणीतरी बॅटरी जोडली. जोडली म्हणजे त्याआधी काढली होती."

सून एकदम छताकडे बघायला लागली.

"कुणीतरी कशाला," बाई अगदी सहज म्हणाल्या. "मीच काढते. रोज संध्याकाळी. सकाळी सहाला लावते."

ढगळ्याने का म्हणून विचारायच्या आत बाईंनीच कारण सांगितलं. सासऱ्यांच्या वेळची जुनी गाडी एकदा उभ्या उभ्या पेटली होती. वायरीत ठिणगी पडली आणि दोनशे चादरी गाडीसकट राख झाल्या. तेव्हापासून घरात रिवाज पडला, की दिवस संपला की बॅटरीची वायर काढायची. दाराशी खिळ्याला दहाचा पाना टांगलेला असायचा आणि बाईंशिवाय त्याला कुणी शिवत नसे. ही गाडी घेतली त्या वर्षी सून म्हणाली होती, "आई, नव्या गाडीला हे लागत नाही." तेव्हा बाईंनी तिला असं काही सुनावलं, की तिने पुन्हा त्या पान्याकडे बघितलंही नाही.

"मावशी, गाडीत एक छोटा कॉम्प्युटर असतो," ढगळ्या सावकाश म्हणाला. "गाडी बंद पडली की का पडली ते तो लिहून ठेवतो. या गाडीत वायर काढली की लिहिलेलं सगळं पुसलं जातं. तुम्ही रोज संध्याकाळी पाटी पुसताय, आणि आम्ही कोरी पाटी बघून दोष नाही म्हणतोय."

बाईंनी ते दोनदा सांगायला लावलं.

"म्हणजे गाडी खरंच बंद पडते."

"पडत असणार."

"म्हणजे मी खोटं बोलत नव्हते."

"नाही."

"आणि तुमचा टायवाला?"

"तोही नाही."

हे काही बाईंच्या पचनी पडेना. दोन्हीकडचं खरं होतं, तर मग तीन महिने कशावरून तोंड वाजवत होतो? इतके टोमणे मारले, ते सगळे कुठे गेले?

"आता वायर काढू नका," ढगळ्या म्हणाला. "बंद पडू द्या. पडली की परत चालू करू नका, आम्हाला फोन करा, उचलून आणू. पण शनिवारच्या आत." मग काउंटरकडे एक नजर टाकून तो हळूच म्हणाला, "आणि फॉर्मवर तुम्ही नाही म्हणालाय. ते मी काही बघितलेलं नाही."

त्याने आपल्याला सांभाळून घेतलं की आपल्यावर ठपका ठेवला, तेही बाईंना कळलं नाही. घरी जाताना सून नुसती गाडी चालवत होती. "मी सांगितलं होतं" असं ती एकदा म्हणाली असती तर बाईंना बरं वाटलं असतं, निदान उत्तर देता आलं असतं.

त्या संध्याकाळी बाईंचा हात सवयीने खिळ्याकडे गेला आणि रिकामाच परत आला. त्यांनी पाण्याच्या दोन बादल्या भरून गाडीशेजारी ठेवल्या आणि मग जेवायला बसल्या.

बुधवारी चादरी वेळेवर पोचल्या. परत आल्यावर दोघींनी धुण्याच्या पाण्याची आठ पिंपं भरून गाडीत चढवली आणि भर उन्हात पुलाकडे निघाल्या. चार वेळा पूल चढल्या, चार वेळा उतरल्या. नवरीने हूं की चूं केलं नाही.

गुरुवारी पाच फेऱ्या. तेच. पिंपांतलं पाणी डचमळून सुनेच्या पाठीवर उडत होतं.

"आई, बरी झाली असेल."

"बरी व्हायला तिला काय ताप आला होता?"

पण बाईंनाही कळत नव्हतं. ज्या गाडीला तीन महिने चाल म्हणून विनवलं, तिला आता पड बाई एकदा म्हणून विनवायची पाळी आली होती. वायर काढल्यानेच ती बिघडत होती की काय? मग आपणच तिला तीन वर्षं आजारी पाडत होतो? आणि तसं नसेल, तर ही शनिवार उलटायची वाट बघतेय, आणि रविवारी सकाळी भरल्या चादरींसकट बसकण मारणार. कोठीवालीचा चष्मा बाईंच्या डोळ्यांपुढून हलेना.

शुक्रवारी दुपारी ऊन डोक्यावर होतं. तिसऱ्या फेरीला, पुलाच्या अगदी माथ्यावर, स्टिअरिंग जड झालं, सगळे दिवे एकदम लागले आणि नवरी बंद पडली.

मागे भोंग्यांचा कालवा उठला. एक टॅक्सीवाला शेजारून डोकं बाहेर काढून ओरडला, "काय झालं, आजी?"

"बंद पडली," बाई म्हणाल्या.

"मग हसताय काय?"

"तुला नाही कळायचं. तू पुढे हो."

गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकमध्ये पुढे दोघी दाटीने बसल्या होत्या. सून म्हणाली, "आई, तो परत विचारेल. कुणी हात लावलाय का म्हणून. नाही म्हणा."

"हूं."

"हूं नाही. आजवर नाहीच म्हटलंय. आता हो म्हटलं तर वॉरंटी नाकारतील, आणि उद्या चादरी कशा न्यायच्या?"

वर्कशॉपात ढगळ्याने आपलं यंत्र गाडीला लावलं, वाचलं आणि टायवाल्याला हाक मारली. पाटीवर या वेळी लिहिलेलं होतं. इंजिन फिरतंय की नाही हे सांगणारा एक बोटभर सेन्सर होता. तो तापला की मुका होत होता, आणि तो मुका झाला की गाडी बंद. पार्ट स्टॉकमध्ये होता, तासाभराचं काम.

टायवाला काउंटरमागे बसला. "चला, फॉर्म भरून टाकू. बॅटरी, वायरिंग, इंजिन याला बाहेरच्या किंवा घरच्या कुणी हात लावलाय?"

सुनेने सासूचं कोपर दाबलं.

बाईंनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. हाच प्रश्न, हेच उत्तर चार वेळा दिलं होतं, आणि मंगळवारपर्यंत ते त्यांच्या मते शंभर टक्के खरं होतं. संध्याकाळी घरातला दिवा मालवला, तर विजेच्या तारांना हात लावला असं कुणी म्हणतं का? पण आता तेच नाही म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. शब्द तोच, तोंडही तेच, आणि मधल्या तीन दिवसांत त्याला काय झालं होतं हे त्यांना सांगता आलं नसतं.

"लावलाय," त्या म्हणाल्या. "मी. रोज."

टायवाल्याची बोटं थांबली. "मॅडम, चार वेळा तुम्ही नाही म्हणालात."

"तेव्हा नाहीच होतं."

"आणि आता?"

"आता हो आहे."

टायवाला उठून काचेच्या केबिनमध्ये गेला. आत त्याने फोन लावला, बराच वेळ मान हलवली, मग दुसरा फोन लावला.

"एकदा तरी माझं ऐकायचं, आई," सून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण असा आवाज बाईंनी तिच्या तोंडून ऐकलेला नव्हता. "आठ वर्षांत एकदा."

बाई पर्सचा बंद नुसताच उघडत आणि लावत बसल्या.

टायवाला बाहेर आला तो घाम पुसतच. "साहेब म्हणतात, वायर काढल्याने सेन्सर बिघडत नाही. पार्ट वॉरंटीत मिळेल."

सुनेने श्वास सोडला.

"पण मॅडम, हो लिहिलं की कॉम्प्युटर पुढचं पानच उघडत नाही. पार्टची ऑर्डर पुढच्या पानावर आहे. नाही लिहिलं तरच पुढे जातं."

"म्हणजे खरं सांगितलं तर पार्ट मिळत नाही."

"मिळतो. पण नाही लिहून."

"आणि तुमच्या साहेबांना हो माहीत आहे."

"हो."

"मग लिहायचं कशाला?"

"पुढचं पान उघडायला."

बाईंनी डोक्याला हात लावला. नाही म्हणाल्या होत्या तेव्हा यांनी काही दिलं नाही, हो म्हणाल्या तर हे म्हणतात आम्ही नाही लिहितो. यात आपण शहाण्या ठरलो की येड्या, हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं. सुनेकडे बघितलं तर तिलाही हसू की रडू झालं होतं.

"तुम्ही काय दाबायचं ते दाबा," शेवटी त्या म्हणाल्या. "पण मी नाहीखाली सही करणार नाही."

टायवाल्याने नाही दाबलं. पान उघडलं. कागद छापून निघाला तेव्हा त्याने खिशातलं पेन काढलं आणि छापील नाहीशेजारी बारीक अक्षरात लिहिलं: मालक म्हणतात, हो. बाईंनी ते सुनेकडून वाचून घेतलं आणि मगच आपली अक्षरं एकेक करून उभी केली.

शनिवारी सातला वीस मिनिटं कमी असताना इस्त्रीच्या चादरींचे गठ्ठे घेऊन नवरी पूल चढली आणि उतरली. सुनेने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

दवाखान्याच्या कोठीत गठ्ठे मांडून होईस्तोवर बाई उभ्या राहिल्या. कोठीवाली वहीत काही लिहीत होती. तिने मान वर केली नाही.

"ठेवा तिकडे," ती म्हणाली.

बाई तरीही उभ्याच.

"अजून काही?"

"नाही," बाई म्हणाल्या, आणि बाहेर आल्या.

सून गाडीत बसून होती. "काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली."

"मग काम राहिलं की, आई. चांगलं झालं."

बाई शेजारी बसल्या, दार ओढून घेतलं. तीन महिने ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं ते हेच का, याचा त्या विचार करत होत्या. ठेवा तिकडे.

"चांगलं झालं ना गं?" त्यांनी विचारलं. पण सून मान वळवून गाडी मागे घेत होती, तिला ते ऐकू गेलं नसावं.