निळ्या रंगाखालची गावं

मी एक जुना पृथ्वीगोल आहे. माझा दांडा मोडलेला आहे आणि तो लाल सुतळीने बांधलेला आहे. मित्रांनो, त्या सुतळीला हसू नका. तिनेच एकदा मोठ्या माणसांची लबाडी उघडी पाडली, आणि भलंही केलं.

पुण्याच्या एका कारखान्यात पुठ्ठ्याच्या दोन वाट्या जोडल्या, वर देशांचे कागद चिकटवले, रोगण फासलं, की झाली पृथ्वी. जुन्नरच्या बाजारपेठेतून हौशीराम गुरुजींनी मला विकत घेतलं आणि एसटीत मांडीवर बसवून आंबेगाव तालुक्यातल्या आपल्या शाळेत नेलं. सडकेवरचं मोठं गाव, सात वर्ग, दारात गुलमोहर आणि आत काचेचं कपाट. त्या कपाटात मी. किल्ली गुरुजींच्या खिशात. "हात लावाल तर देश पुसतील," असं ते मुलांना बजावत. मुलं काचेला नाक लावून मला बघायची. सुरुवातीला मला त्याचं फार कौतुक वाटलं. नंतर वाटेनासं झालं.

तपासणीच्या दिवशी मात्र मी फिरायला निघे. साहेब एका दिवसात दोन शाळा बघत. पहिल्या शाळेत त्यांना जेवायला बसवायचं, वाढणाऱ्यांनी आग्रह करकरून वेळ काढायचा, आणि तेवढ्यात शिपाई बहिरूभाऊंनी नकाशे, तराजू आणि मला मोटारसायकलवरून पुढच्या शाळेत पोचवायचं. एकदा तर फुलांच्या कुंड्याही गेल्या. सगळ्यांना ठाऊक होतं, बोलायचं कुणी नाही. अशाच एका फेरीत खड्ड्यात आदळून माझा दांडा मोडला.

पुढच्या वर्षीची तपासणी साधी नव्हती. डिंभ्याच्या धरणाचं पाणी चढलं तशी काठची एक वाडी डोंगरात वर सरकली होती, आणि तिची शाळाही पत्र्याच्या एका खोलीत वर आली होती. यशोधराबाई तिथे एकट्याच शिकवत. मुलं थोडी. साहेब दोन्ही शाळा ताडून बघणार होते. वाडीची शाळा फारच उणी निघाली तर ती बंद करून मुलं सडकेवरच्या शाळेत धाडायची, असं वर ठरत आलं होतं. मोठी मुलं गेलीही असती चालत. पण ओढा ओलांडून पहिली-दुसरीच्या पोरींना रोज कोण पाठवणार? त्या घरीच राहतील, हे बाईंना पक्कं माहीत होतं. म्हणून कधी कुणाकडे काही न मागणाऱ्या बाईंनी गुरुजींना निरोप धाडला, या वेळी गोल द्या.

सकाळी मोठ्या शाळेत साहेबांनी विचारलं, पृथ्वीवर पाणी किती? पुढच्या रांगेतल्या मुलाने एकाहत्तर टक्के असं खणखणीत सांगितलं. साहेब म्हणाले, दाखव बरं. मुलाने माझ्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे, आणि हात मागे बांधून उभा राहिला.

दुपारी मी वाडीत पोचलो. बाईंनी मला जमिनीवर मधोमध ठेवलं आणि फिरवा म्हणाल्या. मित्रांनो, इतक्या वर्षांत तेव्हा मी पहिल्यांदा पोटभर फिरलो. पोरं गोल करून बसली होती, तेवढ्यात जीप आली. साहेब आत आले आणि त्यांची नजर सुतळीवरच गेली.

"हा सकाळी तिकडं होता ना, बाई?"

बाईंची मान खाली गेली. "हो साहेब. मागून आणलाय."

दुसरीतल्या भागूला त्यातलं काहीच कळलं नव्हतं. तिने आपला तळहात माझ्या निळ्या भागावर ठेवला होता.

"बाई, हे निळं समदं पानी हाय?"

"हो गं."

"मग एवढी गावं धरनात गेली व्हय? हितली मान्सं कुटं गेली मग?"

साहेबांसोबतचा कारकून हसला. साहेब हसले नाहीत. भागूसमोर उकिडवे बसले आणि तुमचं गाव कुठं गेलं, असं त्यांनी तिला विचारलं.

भागूने दाराबाहेर पाण्याकडे बोट केलं. "त्ये काय, तितं खाली. उन्हाळ्यात देवळाचा कळस दिसतो. आमी वर आलो. शाळा बी आली आमच्या मागं."

मग साहेबांनी समुद्र समजावला. पोरांचे प्रश्न सुरू झाले ते ऊन कलेपर्यंत थांबेनात. निघताना साहेब बाईंना म्हणाले, "शाळा इथंच राहू द्या असं मी कळवतो. आणि हा गोलही इथंच राहू द्या."

मला परत न्यायला थांबलेले बहिरूभाऊ गडबडले. "आन गुरुजींना काय सांगू, सायेब?"

"सांगा, पृथ्वी वाडीत राहिली."

गुरुजी आठवडाभर रुसले. मग एक दिवस स्वतः डोंगर चढून आले, पोरांचा गलका बघत बसले, आणि जाताना त्यांनी हळूच मला एक गिरकी दिली. त्यानंतर त्यांनी शाळेतल्या कपाटाचं कुलूप काढून टाकलं, असं बहिरूभाऊ सांगत होते.

आता माझं रोगण उडालंय. आपली वाडी कुठं आहे हे दाखवून दाखवून भारताच्या पश्चिम कडेवर बोटांनी एक पांढरा ठिपका पडलाय. गुरुजी म्हणत ते खरंच होतं, देश पुसतात. पण मित्रांनो, धुळीखाली कोरं राहण्यापेक्षा बोटांनी पुसलेलं मला बरं वाटतं. तुमच्या शाळेत माझा कुणी भाऊबंद कपाटात बसला असेल तर किल्ली मागा. हळू फिरवा, पण फिरवा.

अजूनही पहिलीत आलेलं एखादं पोर समुद्रावर हात ठेवून भागूचाच प्रश्न विचारतं. बाई क्षणभर दाराबाहेर, पाण्याकडे बघतात. मग मला उचलतात आणि त्याच्या मांडीवर ठेवतात.