संत्र्याच्या बागेखालची भिंत

मी एक काँक्रीटची भिंत आहे, मित्रांनो. अंजनगाव सुर्जीला खुशालरावांची संत्र्याची बाग उंचावर आणि किसनरावांचं घर खाली, मधे मी. बागेची माती घरावर घसरू नये, म्हणून मला उभं केलं.

तुम्हाला दिसतं ते माझं निम्मंच अंग. माझं रुंद पाऊल बागेच्या मातीखाली दूरवर पसरलेलं आहे. जी माती मला ढकलते, तीच त्या पावलावर बसून मला घट्ट धरून ठेवते. प्रियदर्शनी नावाच्या इंजिनिअर बाईंनी हे सगळं आखलं. आमची काळी माती मोठी लहरी, पाणी पिऊन फुगते. म्हणून बाईंनी माझ्या पाठीला मुरूम आणि गिट्टी भरली, आणि साचलेलं पाणी निघून जावं म्हणून अंगात आरपार पाइप ठेवले.

त्या पाइपांतून गढूळ पाणी ठिबकायचं. किसनरावांच्या लेकीचं, अपेक्षाचं लग्न अंगणातच करायचं ठरलं आणि तिची आई दुर्गाबाई माझ्यावर उखडली.

"पाहुण्याईले हा चिखल दाखवू का? बुजून टाका ते भोकं!"

"बुजतो. लग्न झालं का उघडून देतो," किसनराव म्हणाले.

सिमेंटनं माझी तोंडं बंद झाली, वरून पिवळा रंग बसला. पाहुण्यांनी माझ्यापुढे उभं राहून फोटो काढले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. लग्न पार पडलं आणि पाइप उघडायचे सगळेच विसरले.

पुढच्या पावसाळ्यात अपेक्षा बाळंतपणाला माहेरी आली. माझ्या समोरच्याच खोलीत ती आणि तिचं तान्हं लेकरू निजायचं. पाठीमागे पाणी तुंबलं होतं आणि मी तसूतसूनं त्यांच्याकडेच झुकत होते. मला ओरडता येत नव्हतं. माझ्यापासून घरापर्यंत बांधलेल्या दोरीवरची बाळाची दुपटी मात्र रोज चिखलात लोळायची.

"काहून ढिली होऊन राहिली वं ही दोरी?" म्हणत दुर्गाबाई रोज गाठ आवळायची.

एका सकाळी अपेक्षानं तिचा हात धरला. "आई, दोरी ढिली नाई होऊन राहिली. भिंत पुढे येऊन राहिली."

किसनरावांना बुजवलेले पाइप आठवले. त्यांनी इंजिनिअर बाईंना फोन लावला. बाईंनी आधी सगळ्यांना घराबाहेर काढलं, मग बाजूला उभं राहून एकेक भोक फोडून घेतलं. तुंबलेलं पाणी धो धो अंगणात कोसळलं. मी थांबले. थोडी वाकलेली आहे, पण उभी आहे.

मित्रांनो, माती मी जन्मभर पेलेन, कोंडलेलं पाणी मला पेलवत नाही. माझ्या अंगावर गढूळ ओघळ दिसले तर नाक मुरडू नका. पण भर पावसात मी कोरडी ठणठणीत दिसले, तर लेकराला उचला आणि आधी बाहेर पडा.